अफूबंदी आणि वेदना : झाई-उंबरगाव परिसराच्या संदर्भात

झाई हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील उत्तरेकडचे अखेरचे गाव होय. गावाची शीव ओलांडली की गुजरात राज्याची हद्द लागते आणि थोड्याच अंतरावर उंबरगाव येते. ही हद्द फार जुनी नाही. १ मे १९६० पर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले त्या वेळी ह्या तालुक्यातील ४७ खेडी व ३ शहरे गुजरातकडे गेली. उरलेली २७ खेडी प्रथम डहाणू तालुक्यास जोडण्यात आली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा स्वतंत्र विभाग झाला. १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. मांगेले मच्छीमार, भंडारी, वारली, धोडी, दुबळे अशा येथील लोकांच्या सोयरिकी आणि बाजारहाट हद्दीच्या दोन्ही अंगांना पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या. कायदे व परवाने मात्र दोन झाले. मादक द्रव्यांच्या बाबतीत तर ह्या पट्टीत कायद्याची हद्द आणि लोकव्यवहाराची हद्द कधीच एक नव्हती. कारण १९६० पूर्वी उत्तरेस पोर्तुगीजांचे दमण होते.

अफू आणि तिच्यापासून निघणारे मॉर्फिन ह्यांच्यावरील निर्बंधांचा इतिहास बहुधा दोनच अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग चीनच्या व्यापाराचे व सरकारी महसुलाचे, दुसरे व्यसनमुक्तीच्या चळवळीचे. तिसरे एक अंग आहे, त्याची नोंद क्वचितच होते. संधिवाताने आखडलेला म्हातारा, हाडापर्यंत रोग पोचलेला कर्करोगी, अपघातात मणका दुखावलेला खलाशी ह्या माणसांना ह्या निर्बंधांनी कोणत्या सदरात घातले, हा तो प्रश्न होय. कायद्याच्या भाषेत अफू कधी महसुलाची बाब होती, कधी दुर्व्यसनाची, कधी गुन्ह्याची. ती औषधाचीही बाब आहे हे प्रत्येक कायद्यात लिहिलेले असले, तरी त्या कलमाची अंमलबजावणी कोणी करावयाची हे दीर्घकाळ अनिश्चित राहिले. प्रस्तुत विवेचनाचा रोख ह्या अनिश्चिततेकडे आहे.

चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत अफूचा उल्लेख नाही. मध्ययुगातील शार्ङ्गधरसंहितेत ती अहिफेन ह्या नावाने येते आणि पुढे भावप्रकाशासारख्या ग्रंथांत तिचे गुणधर्म सविस्तर दिलेले आढळतात. अतिसारावरील कर्पूररस आणि अहिफेनासव ही अफूयुक्त औषधे वैद्यांच्या नित्य व्यवहारात होती. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्ट्यूर्नर ह्या जर्मन औषधकाराने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले आणि शतकाच्या मध्यास त्वचेखाली औषध टोचण्याची पिचकारी वापरात आली. तेव्हापासून वेदनेवरील उपायाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी चालू राहिल्या : इस्पितळात डॉक्टराच्या हातचे मॉर्फिन आणि घरात फडक्यात बांधून ठेवलेली अफूची गोळी. पहिली परंपरा शहरांत व लष्करी छावण्यांत होती. खेड्यातील माणसाला दुसरीच ठाऊक होती.

दमणचा संबंध व्यापाराचा आहे. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून ईस्ट इंडिया कंपनीचा कर भरून चीनकडे जावी, असा कंपनीचा आग्रह होता. कर चुकवू इच्छिणारे व्यापारी माल राजपुतान्यातून पालीमार्गे सिंधमध्ये, तेथून कराचीस व कराचीहून समुद्रमार्गाने दमणला नेत. वाट लांबची व त्रासाची होती, तरीही फायदा उरे. १८३० च्या सुमारास कंपनीने मक्तेदारीचा नाद सोडून दाखल्याची पद्धत सुरू केली; ठरावीक रक्कम भरून दाखला घेणाऱ्याला माल थेट मुंबईस आणता येऊ लागला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी जिंकल्यावर दमणची वाट बंद पडली आणि दाखल्याची फी वाढत वाढत त्या दशकाच्या अखेरीपर्यंत पेटीमागे ४०० रुपयांवर गेली. मुंबईच्या कित्येक पेढ्यांची व दानधर्माच्या कित्येक इमारतींची पायाभरणी ह्या व्यापारातून झाली, हे अमर फारुकी ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी साधार दाखविले आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. ज्या सरकारने पेट्यांनी अफू परदेशी पाठविली, त्याच सरकारने देशातील किरकोळ गिऱ्हाइकाच्या हातातील गोळी मोजण्यास सुरुवात केली. आणि दोन्ही कामे महसूल खात्याकडेच होती.

१८७८ चा अफू कायदा हा ह्या मोजणीचा पाया होय. परवान्याखेरीज लागवड, साठा, वाहतूक व विक्री निषिद्ध झाली. किरकोळ विक्री लिलावाने दिलेल्या दुकानांतून होऊ लागली आणि एका माणसाजवळ किती अफू असावी ह्याची मर्यादा ठरली. त्याच वर्षी मुंबई अबकारी कायदाही आला. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ह्या दुसऱ्या कायद्याचा बोभाटा अधिक झाला, कारण ताडीमाडीच्या झाडावर कर बसला आणि भंडाऱ्यांच्या पोटावर पाय आला. पुढे १८९२ मध्ये केवळ ठाणे व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांना लक्षून मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. जंगलात फुकट पडणारे फूल वेचून घरात ठेवणे हा अपराध ठरला. वारल्यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे काय, ह्याचे उत्तर अबकारीच्या शिपायाच्या रूपाने घरापर्यंत आले ते ह्या काळात. अफू त्या मानाने मुकाट्याने बंदिस्त झाली. तिचे गिऱ्हाईक म्हातारे, आजारी आणि विखुरलेले होते; त्यांची जात नव्हती की पंचायत नव्हती.

ह्या मुक्या गिऱ्हाइकाचे म्हणणे प्रथम कागदावर आले ते १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे. इंग्लंडमधील अफूविरोधी मंडळांच्या रेट्यामुळे पार्लमेंटने हा आयोग नेमला. लॉर्ड ब्रॅसी अध्यक्ष होते. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वरसिंह व जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद होते. १८९४ च्या प्रारंभी आयोगाने मुंबईसही साक्षी घेतल्या. साक्षींच्या त्या जाडजूड खंडांत वारंवार एकच चित्र दिसते. चाळिशी उलटलेला माणूस सांधेदुखी, जुनाट खोकला, हगवण किंवा हिवताप ह्यांसाठी वैद्याच्या अथवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी सुरू करतो. मात्रा वर्षानुवर्षे फारशी वाढत नाही. तो कामावर जातो, संसार करतो. सरकारी डॉक्टरांपैकी अनेकांनी ह्याला दुजोरा दिला. आयोगाचे एक सभासद सर विल्यम रॉबर्ट्स ह्यांनी तर अफूतील एक क्षार हिवतापावर गुणकारी असल्याचे मत मांडले. ते पुढे टिकले नाही.

१८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने औषधाव्यतिरिक्तच्या वापरावर बंदी घालण्याची आवश्यकता नाही असा निर्णय दिला. हेन्री विल्सन ह्या सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडली. अहवाल सरकारी महसुलास सोयीचा होता, साक्षीदारांची निवडही सरकारी यंत्रणेने केली होती, आणि म्हणून राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हा अविश्वास रास्त होता. परंतु त्याची एक किंमत पडली. अहवाल सरकारचा म्हणून त्याज्य ठरला, तेव्हा त्यातील वेदनाग्रस्तांची साक्षही त्याच्याबरोबर त्याज्य ठरली. औषध म्हणून अफू घेणारा आणि नशा म्हणून अफू घेणारा ह्यांच्यातील सीमारेषा व्यवहारात पुसट आहे, असे आयोगाने म्हटले होते ते बंदी टाळण्यासाठी. पुढच्या पिढीने तेच विधान उलटे वापरले : सीमारेषा पुसट आहे, म्हणून दोघांनाही एकाच कायद्याने आवरावे.

अफूविरोधी मतास बळ देणाऱ्या खऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देऊन झोपवीत. गोळीत अफू असे. १९२० नंतरच्या चौकशांत ही चाल कामगार वस्तीत जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे निष्पन्न झाले आणि मजूरविषयक शाही आयोगानेही तिची दखल घेतली. मुले मरत होती. अशा वेळी सुधारकांनी अफूच्या दुकानावर रोख धरला ह्यात नवल नाही. १९१२ चा हेग करार व १९२५ चा जिनीव्हा करार ह्यांच्या अनुरोधाने हिंदुस्थान सरकारने १९३० मध्ये घातक औषधांचा कायदा केला. त्यानंतर मॉर्फिनसारखी तयार औषधे आणि कच्ची अफू ह्यांची कायदेशीर वाट वेगळी झाली. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर ह्यांच्याकडे होती. ते स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. इलाख्याच्या इतिहासात औषधाची आणि बंदीची किल्ली एकाच वैद्याच्या हाती असण्याचा हा योग होता. मात्र त्या दोन वर्षांत सारे लक्ष दारूबंदीने वेधले. अफूकडे बारकाईने पाहण्यास सवड मिळाली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात धोरण स्पष्ट झाले. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्ये ह्यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले. त्यात औषधी प्रयोजनाचा अपवाद आहे. त्यापूर्वीच, १९४९ मध्ये, अखिल भारतीय अफू परिषदेने असे ठरविले होते की तोंडावाटे अफू घेण्यासाठी होणारा पुरवठा वर्षावर्षाने घटवीत न्यावा आणि १० वर्षांत, म्हणजे ३१ मार्च १९५९ पर्यंत, तो संपवावा. मुंबई राज्याने १९४९ मध्येच मुंबई दारूबंदी कायदा संमत केला. त्यातील ‘मादक पदार्थ’ ह्या व्याख्येत अफूचाही अंतर्भाव होता. ह्याच कायद्याचा वारसा १९६० नंतर महाराष्ट्र व गुजरात ह्या दोन्ही राज्यांकडे आला, आणि म्हणून झाई व उंबरगाव येथे काही काळ एकाच कायद्याची दोन प्रशासने नांदली.

पण जे आधीपासून घेत होते त्यांचे काय? धोरणाने त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवले. वैद्यकीय दाखल्याच्या आधारे नाव नोंदविलेल्या व्यसनींना ठरावीक मात्रा मिळावी. दार माणुसकीचे होते, परंतु त्याच्यावरील पाटी पाहण्यासारखी आहे. संधिवातासाठी ३० वर्षे गोळी घेणाऱ्या आणि कोणाच्याही अध्यातमध्यात नसलेल्या म्हाताऱ्याला ती पुढे मिळवायची, तर सरकारी वहीत ‘व्यसनी’ म्हणून नाव लावावे लागे. वेदनेसाठी वेगळी वही नव्हती. आणि वहीत नाव लावणे म्हणजे काय, हे ज्या भागात मोहाच्या फुलांवरून घरझडत्या झाल्या होत्या, तेथील माणसाला सांगावे लागत नसे. नाव न लावणाऱ्याला दोनच मार्ग उरत : दुखणे सोसणे किंवा चोरटा माल. दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत परकी सत्तेखाली होते आणि ह्या किनाऱ्यावर चोरट्या मालाची वाहतूक ही नवलाची गोष्ट नव्हती. नवीन रुग्णांना तर वहीचाही आधार नव्हता. त्यांच्यासाठी अफूच्या जागी डॉक्टराचे मॉर्फिन येणार होते. खेड्यात डॉक्टर यावयाचा होता, त्याच्यामागून मॉर्फिन. धोरणकर्त्यांनी बंदीची तारीख ठरविली. पर्यायाची तारीख कोणी ठरविली नाही.

१९६१ च्या मादक द्रव्यांविषयीच्या एकल आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रास्ताविकातच वेदनानिवारणासाठी ह्या द्रव्यांचा औषधी उपयोग अपरिहार्य असून त्यांची पुरेशी तरतूद झाली पाहिजे, असा आशय आहे. भारताने १९६४ मध्ये ह्या करारास मान्यता दिली. करारानुसार देशी कायदा करण्यास मात्र २० वर्षे लागली आणि तो झाला तेव्हा परिस्थिती पार पालटलेली होती. १९८० नंतर मुंबईत हेरॉइनचा सुळसुळाट झाला. ‘गर्द’ हा शब्द मराठी घरांत भीतीने उच्चारला जाऊ लागला. त्या भीतीच्या छायेत, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. किमान १० वर्षे सक्तमजुरी व किमान १ लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात होती आणि जामीनही दुर्घट होता. जप्त मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेचे टप्पे पाडण्यात आले ते २००१ च्या दुरुस्तीने. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाची सूट ह्याही कायद्यात होती. पण ती कशी द्यावयाची हे राज्यांच्या नियमांवर सोपविलेले होते.

येथून पुढची गोष्ट कारकुनी तपशिलाची आहे, आणि तपशिलातच तिचे मर्म आहे. इस्पितळास मॉर्फिनच्या गोळ्या आणावयाच्या तर बाळगण्याचा परवाना, आयातीचा परवाना, पाठविणाऱ्या राज्याचा निर्यातीचा परवाना, वाहतुकीचा परवाना असे चार-पाच कागद एकाच वेळी हातात असावे लागत. काही उत्पादनशुल्क खात्याचे, काही औषध नियंत्रकाचे. प्रत्येकाची मुदत निराळी. चौथा कागद येईपर्यंत पहिल्याची मुदत संपे आणि फेरा पुन्हा सुरू होई. ज्या राज्यातून माल यावयाचा त्याचे नियम वेगळे, ज्या राज्यात यावयाचा त्याचे वेगळे. हिशेबात एखादी चूक झाली तर ती लेखनचूक न ठरता अपराध ठरण्याचा संभव. शिक्षा १० वर्षांची. इस्पितळांनी आणि औषधविक्रेत्यांनी सोपा मार्ग पत्करला. त्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ मध्ये देशात सुमारे ७१६ किलोग्रॅम मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ मध्ये तो आकडा १८ किलोग्रॅमवर आला. ही घट ९७ टक्क्यांची आहे. ह्याच अवधीत मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश ह्या राज्यांत परवान्याने अफू पिकत होती, गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत ती वाळविली जात होती, आणि औषधनिर्मितीसाठी परदेशी निर्यात होत होती. दुष्काळ मालाचा नव्हताच.

ह्या काळाचा आणखी एक परिणाम आकड्यांत दिसत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या जवळजवळ एका पिढीने वेदनेसाठी तोंडावाटे मॉर्फिन देऊन पाहिलेच नाही. जे औषध हाताळले नाही त्याची धास्ती वाटते. रुग्णाला त्याची सवय लागेल, श्वास बंद पडेल, मरणाच्या दारात असलेल्यालाच ते द्यावयाचे असते, ह्या समजुती पाठ्यपुस्तकांपेक्षा परवान्यांच्या टंचाईने अधिक दृढ केल्या. पुढे नियम सुधारले तरी ही धास्ती राहिली. कायदा बदलता येतो. हाताचे वळण लवकर बदलत नाही.

१९८६ हे साल ह्या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे ह्यांचे साहाय्य त्याला लाभले. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी शांती अवेदना हे भारतातील पहिले शुश्रूषागृह उघडले. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. एकाच मुळापासून निघालेल्या द्रव्यांच्या तावडीतून एक संस्था माणसे सोडवीत होती आणि दुसरी त्याच कुळातील औषधाने माणसांना शांत झोप देत होती. दोन्ही कामे खरी होती आणि दोन्ही आवश्यक होती. कायद्याला मात्र त्यांच्यातील फरक ओळखण्याचे साधन नव्हते. पुढे १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या प्रतिष्ठानाने उपशामक शुश्रूषेचे केंद्र उभारले, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ह्या विषयाचा विभाग व पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. १९४१ मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय डहाणू-तलासरीच्या कर्करोगी रुग्णांचे फार दिवसांपासूनचे आश्रयस्थान आहे.

नियम बदलण्याचा उद्योग केरळातून सुरू झाला. १९९३ मध्ये कालिकत येथे वेदना व उपशामक शुश्रूषेची संस्था स्थापन करणाऱ्यांपैकी डॉ. एम. आर. राजगोपाल आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड जोरान्सन ह्यांनी परवान्यांच्या ह्या फेऱ्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या अभ्यासाच्या आधारे केंद्रीय महसूल विभागाने १९९८ मध्ये राज्यांना सुटसुटीत नियमांचा नमुना पाठविला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मॉर्फिनसाठीच्या अर्जांचा त्वरेने निकाल लावावा असा आदेश दिला. २००७ मध्ये भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्यांनी नमुना स्वीकारला तो रमतगमत, आणि काहींनी स्वीकारूनही जुनी वहिवाट सोडली नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे करणाऱ्या पहिल्या राज्यांत त्याची गणना होते.

निर्णायक बदल २०१४ च्या दुरुस्तीने झाला. तिने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा नवा वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही ६ औषधे त्यात आली. ह्या वर्गापुरते नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला आणि ५ मे २०१५ च्या नियमांनी अनेक परवान्यांच्या जागी एकच मान्यता आली. राज्याच्या औषध नियंत्रकाने रुग्णालयास ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ठरवावे, संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असावा, तिने वर्षाच्या गरजेचा अंदाज द्यावा व हिशेब ठेवावा, एवढे पुरे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. १८७८ पासून अबकारीच्या दप्तरात असलेला वेदनेचा कागद अशा रीतीने १३७ वर्षांनी औषधाच्या दप्तरात आला. ह्या घटनेची ऐतिहासिक थोरवी तिच्या शासकीय भाषेमुळे सहसा ध्यानात येत नाही.

तरीही २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असा हिशेब मांडला की, गरजू रुग्णामागे भारतात वर्षाकाठी मॉर्फिनच्या मापाने ४३ मिलिग्रॅम औषध पोचते आणि गरजेच्या सुमारे ४ टक्केच भागते. अमेरिकेत ह्याच्या नेमके उलट घडले. तेथे १९९० नंतर औषध कंपन्यांच्या आक्रमक प्रचारामुळे अशी औषधे किरकोळ दुखण्यालाही सर्रास दिली गेली आणि लक्षावधी माणसे व्यसनाच्या आहारी गेली. मग २०१६ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना होत्या. विमा कंपन्यांनी, राज्यांनी व धास्तावलेल्या डॉक्टरांनी त्यांचे नियम बनविले. वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर जगणाऱ्या रुग्णांचे औषध एकाएकी तोडण्यात आले. काहींची वेदना असह्य झाली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने एकाएकी औषध तोडण्याविरुद्ध इशारा दिला व २०२२ मध्ये मूळ सूचना सौम्य करण्यात आल्या. भारतातील १९५९ च्या वहीची आणि अमेरिकेतील ह्या प्रकरणाची तुलना सर्वांगाने होणार नाही. एका देशात औषध कधी पोचलेच नाही, दुसऱ्यात ते पूर आल्यासारखे आले. परंतु दोन्हीकडे जुना रुग्ण आणि नवा व्यसनी ह्यांना एकाच मापाने मोजले गेले.

कर्करोगाखेरीजच्या वेदनेचा प्रश्न आजही मागे राहिला आहे. पालघरसह महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीत झाली. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत अशी कळ उठते की, धडधाकट तरुणही लोळू लागतो. कळ तीव्र असेल तेव्हा मॉर्फिनच द्यावे असे शास्त्र सांगते. पण असा रुग्ण मध्यरात्री जेथे पोचतो त्या ग्रामीण इस्पितळात मॉर्फिन असेलच असे नाही, आणि वारंवार येऊन जोरदार औषध मागणाऱ्या तरुणाकडे संशयाने पाहिले जाण्याचा संभवही असतो. मधल्या पायरीवरचे ट्रामाडोल हे औषध बरीच वर्षे ह्या कायद्याबाहेर होते, म्हणून लहान गावांतही मिळे. त्याचा गैरवापर व चोरटी निर्यात वाढल्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये तेही कायद्याखाली आले. गैरवापर खरा होता. पण वरची पायरी चढण्याची सोय होण्याआधीच मधली पायरी अरुंद झाली.

झाईच्या रुग्णापुढे आज जी वाट आहे तिच्यात हा सारा इतिहास गोठलेला दिसतो. आजाराचे निदान झाले की तो घोलवड किंवा डहाणू रोड गाठतो. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी येते; चर्चगेटपर्यंतचे अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. परळास तपासणी होते, वेदना असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात, त्या कशा घ्यावयाच्या हे समजावून सांगितले जाते, आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सोबत रेचक दिले जाते. गोळी महाग नाही. महाग आहे तो प्रवास, आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी अथवा चुकलेली मासेमारीची भरती. गोळ्या संपत आल्या की पुन्हा तीच गाडी. रुग्णाला उठवत नाही तेव्हा घरचा माणूस कागद घेऊन जातो. उत्तरेस उंबरगाव, वापी व वलसाड जवळ आहेत, तेथे मोठी इस्पितळेही आहेत. पण तेथील संस्थांना मान्यता देणारा औषध नियंत्रक गुजरातचा आहे. कोणत्या संस्थेस मान्यता आहे व कोणाकडे साठा शिल्लक आहे, हे झाईच्या माणसाला कळविण्याची जबाबदारी दोन्ही राज्यांपैकी कोणाच्याही नियमात लिहिलेली नाही. २०१५ च्या नियमांप्रमाणे मान्यतेसाठी तालुक्याचे रुग्णालयही अर्ज करू शकते. त्यासाठी एक प्रशिक्षित डॉक्टर, एक कुलपाचे कपाट आणि एक हिशेबाची वही लागते.